चढा आवाज आणि दडलेली माहिती

इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या २४ पथकांना एका सरावाला बसवण्यात आले. समोर बाळाचा पुतळा, भोवती मॉनिटर आणि औषधे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची प्रकृती अचानक ढासळते, त्यामागे आतड्याचा एक गंभीर आजार असतो, तो ओळखायचा आणि उपचार सुरू करायचे, असा प्रसंग. एक परदेशी तज्ज्ञ तुमचे काम पाहणार आहेत, एवढेच पथकांना सांगितले होते. काही पथकांशी हे तज्ज्ञ साधे, सरळ बोलले. उरलेल्यांना मात्र त्यांनी ऐकवले, की इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा पाहून आपल्याला काही विशेष वाटले नाही. पुढे आणखी एक टोमणा: अशी माणसे आपल्या विभागात आठवडाभरही टिकली नसती. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही, आणि समोरचे पथक कसे काम करते आहे याच्याशी त्या शेऱ्यांचा काही संबंधही नाही.

नंतर तीन परीक्षकांनी या सरावाचे चित्रीकरण पाहून गुण दिले. कोणत्या पथकाला टोमणे ऐकावे लागले हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही फरक दिसला. निदानात साध्या बोलण्याला सामोऱ्या गेलेल्या पथकांचे सरासरी गुण ३.२ होते, टोमणे ऐकलेल्यांचे २.६. प्रत्यक्ष उपचारांत ३.३ आणि २.८. पथकापथकांच्या कामगिरीत जी तफावत होती, तिच्यातला जवळपास १२ टक्के वाटा एकट्या या उद्धटपणाचा निघाला. अरिये रिस्किन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला आणि तेव्हापासून रुग्णसुरक्षेच्या चर्चेत त्याचा उल्लेख सतत होत असतो.

या अभ्यासाने उलगडलेले पुढचे सूत्र अधिक महत्त्वाचे आहे. दुखावलेल्या पथकातल्या माणसांचे ज्ञान काही कमी झाले नव्हते. ती एकमेकांना माहिती कमी देऊ लागली आणि मदत कमी मागू लागली. माहिती आटली तसे निदान चुकले, मदत आटली तसे उपचार ढिले पडले. एकाला दिसलेले पोटाचे फुगणे दुसऱ्यापर्यंत पोहोचले नाही, तर त्या दुसऱ्याच्या हुशारीचा बाळाला उपयोग काय?

एका वाक्याने एवढे का बिघडावे, याचे एक उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. एखादे काम करताना लागणारी माहिती मेंदू ज्या तात्पुरत्या स्मृतीत हाताशी धरून ठेवतो, तिची जागा फार थोडी असते. लहानशा स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी. नाडी, रक्तदाब, दिलेल्या औषधाची मात्रा, पुढची पायरी, हे सगळे त्या ओट्यावर मांडलेले असते. तेवढ्यात कोणी अपमान केला, की ‘हे मला का बोलले?’, ‘सगळ्यांसमोर बोलले’, ‘आता पुन्हा बोलतील का?’ हे भले मोठे पातेले तिथे येऊन बसते. अपमान हा मेंदूच्या लेखी धोकाच, आणि धोक्याकडे लक्ष आधी जाते. मग चिरायला घेतलेली भाजी कोपऱ्यात सरकते.

आणि हे घडते आहे, याचा पत्ता त्या माणसाला लागत नाही. अमेरिकेत भूलशास्त्र शिकणाऱ्या ७६ निवासी डॉक्टरांवर झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. शस्त्रक्रियेचा सराव चालू असताना रुग्णाला आतल्या आत रक्तस्राव होतो, तो भूलतज्ज्ञाने ओळखायचा. काहींच्या वाट्याला नेहमीसारखा सर्जन आला, काहींच्या वाट्याला उतावळा आणि तुसडा. नेहमीच्या वातावरणात ९१.२ टक्के डॉक्टर अपेक्षित पातळीला पोहोचले. तुसड्या सर्जनसमोर ६३.६ टक्केच. पण आपले काम कसे झाले असे विचारल्यावर दोन्ही गटांनी स्वतःला सारखेच गुण दिले. ‘मी मनाला लावून घेत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांत ‘आम्हीही बोलणी खाऊनच शिकलो’ हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते. त्यात एक गोष्ट खरी आहे, बोलणी खाल्लेली चूक माणूस विसरत नाही. पण अपमानातून माणूस वैद्यकातली ती चूक टाळायला जितका शिकतो, त्याहून अधिक ती सीनियरला कळू न द्यायला शिकतो. हा दुसरा धडा रुग्णाला महागात पडतो.

किती महागात, याचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण ब्रिटनमधले आहे. २९ मार्च २००५ या दिवशी एलेन ब्रोमिली ही ३७ वर्षांची, दोन मुलांची आई सायनसच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग बंद झाला. मास्कने हवा आत जाईना, नळीही बसेना. अशा वेळी गळ्याला पुढून छेद देऊन हवेला वाट करून देणे हा शेवटचा आणि ठरलेला उपाय असतो. खोलीत अनुभवी भूलतज्ज्ञ होते, मदतीला आणखी एक आले, कान-नाक-घशाचे सर्जनही आले. तिघेही नळी घालण्याच्या प्रयत्नात गुंतत गेले. रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण धोकादायक पातळीवर होते, आणि मिनिटे सरत होती.

काय करायला हवे, हे त्या खोलीत कोणाला कळत नव्हते असे नाही. एका परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचे साहित्य आणून ठेवले आणि ते तयार असल्याचे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागाला फोन करून खाट आहे का ते विचारले आणि येऊन तसे कळवले. समोरच्या नजरा पाहून तिला वाटले, आपण उगाच घाबरलो. तिने पुन्हा फोन करून खाट नको म्हणून सांगितले. पुढे चौकशीत दिसले ते असे, की काय घडायला हवे हे परिचारिकांपैकी काहींना कळत होते. ते बोलायचे कसे, हे कळत नव्हते. एलेन शुद्धीवर आलीच नाही. १३ दिवसांनी तिचा मृत्यू झाला.

तिचे पती मार्टिन हे विमानाचे पायलट. विमान अपघातात ज्या पद्धतीने कोणाला फासावर न लटकवता कारणे शोधली जातात, तशी चौकशी इथेही व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्या डॉक्टरांनी पुन्हा काम करावे, शिकलेले इतरांना सांगावे, अशीच त्यांची इच्छा होती. २००७ मध्ये त्यांनी ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ स्थापन केला. पायलटच्या डोळ्यांना जे दिसले ते साधे होते. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे गेली, तेव्हाही ‘समोरचे विमान बाजूला झाले ना?’ ही शंका कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनच्या ठाम उत्तरापुढे ती विरून गेली. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायला आणि वरिष्ठांना ऐकायला रीतसर शिकवले. रुग्णालयांनी हा धडा गिरवायला बराच उशीर केला.

रुग्णालयातल्या या न बोलण्याची एक जुनी रीत आहे. १९६७ मध्ये लिओनार्ड स्टाइन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने तिला ‘डॉक्टर-नर्सचा खेळ’ असे नाव दिले. खेळाचा नियम असा: नर्सने उपचार सुचवायचा, पण सुचवला असे दिसू द्यायचे नाही, डॉक्टरने तो स्वीकारायचा, पण विचारला असे दिसू द्यायचे नाही. रात्री रुग्णाला झोप येत नसेल, तर नर्स फोनवर ‘अमुक गोळी द्या’ असे म्हणणार नाही. रुग्णाला आज घरून वाईट बातमी आली आहे, इतकेच सांगेल. डॉक्टर विचारील, आधी कोणती गोळी लागू पडली होती? मग ती नाव सांगेल, आणि तो तेच नाव आदेश म्हणून परत देईल. दोघांचा मान राहतो. घाई नसताना हा खेळ बरा चालतो. पहाटे साडेतीनला, रुग्णाचा रक्तदाब उतरत असताना, आडवळणाने बोलायला वेळ नसतो.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या सरकारी वॉर्डात डोकावले, तर खेळाडू आणखी वाढलेले दिसतात. प्रोफेसर, लेक्चरर, तिसऱ्या वर्षाचा निवासी, दुसऱ्याचा, पहिल्याचा, इंटर्न. दुसऱ्या बाजूला अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका. शिवाय वॉर्डातले मामा आणि मावशी. निवासी डॉक्टर दुसऱ्या राज्यातला, सिस्टर केरळची, मावशी कोकणातली, रुग्ण बीडचा, अशी भाषांची सरमिसळ. रुग्ण रात्री न जेवता तसाच पडून होता, त्याला धाप लागत होती, त्याने अंथरूण ओले केले, हे सर्वांत आधी बहुधा मावशीला कळते. ते तिने सिस्टरला, सिस्टरने पहिल्या वर्षाच्या निवासीला, त्याने तिसऱ्या वर्षाच्याला सांगायचे. या उतरंडीतल्या एका जरी पायरीवर ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ हे वाक्य एकदा पडले, की पुढच्या रात्री निरोप तिथेच थांबतो. उठवणाऱ्याला आपला फोन चुकीचा होता की नाही हे आठवत नाही. तो आवाज आठवतो.

त्या आवाजामागेही माणूस असतो, आणि तो बहुतेकदा झोपलेला नसतो. २००७ मधल्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवून मेंदूचे स्कॅन काढले गेले. भीती आणि राग यांच्याशी निगडित असलेला अमिग्डला हा भाग झोप झालेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के अधिक उसळलेला दिसला, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या मेंदूशी त्याचा धागा सैल झालेला. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम देऊ नये, एक दिवस सुटी द्यावी, अशी शिफारस केली. ७४ तास ही सवलत वाटावी, यातच सारे आले. ‘संवादकौशल्य’ या विषयावर कार्यशाळा घेणे सोपे असते, ड्युटीचा तक्ता बदलणे अवघड. म्हणून कार्यशाळाच अधिक होतात.

भीतीमुळे दडते ते फक्त रात्रीचे निरोप नव्हेत. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या. ज्या वॉर्डांत माणसांचे एकमेकांशी चांगले जमते तिथे चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. एकोप्याच्या वॉर्डांत चुका जास्त! बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. जिथे परिसेविकेची दहशत होती, तिथे रजिस्टर स्वच्छ होते. ‘आमच्याकडे गेल्या वर्षात एकही चूक नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णालयाकडे त्यामुळे जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

भावना बाजूला ठेवून काम करावे, असा यावर एक सोपा उपाय सांगितला जातो. तो करून पाहिला गेला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधल्या एका शिक्षण-रुग्णालयात परिचारिका मोठ्या संख्येने प्रशिक्षण सोडून जात होत्या. मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी त्याचा शोध घेतला. वेदना, मृत्यू, परक्या देहाची जवळीक यांतून येणारी अस्वस्थता अंगाला लागू नये, म्हणून त्या रुग्णालयाने सगळी व्यवस्थाच तशी बेतली होती. एका रुग्णाचे सगळे एका परिचारिकेने न करता, एकीने सर्वांचे ताप मोजायचे, दुसरीने सर्वांना औषध द्यायचे. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने. आपल्याकडेही ‘सात नंबरचा हर्निया’ सुटीवर जातो आणि ‘बारा नंबर’ खालावतो, तो असाच. मेन्झीस यांचा निष्कर्ष असा, की या युक्त्यांनी अस्वस्थता जात नाही; कामातले समाधान मात्र जाते. ज्यांना रुग्णांबद्दल आतून काही वाटत होते, अशा मुली आधी सोडून गेल्या.

चूक झाल्यावर तर ही मुकी अस्वस्थता आणखी कडवट होते. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये लिहिलेल्या एका छोट्या लेखात त्यांच्या निवासी काळातला प्रसंग आहे. सोबतच्या एका निवासीला ईसीजीवरची हृदयाभोवती पाणी साठल्याची खूण ओळखता आली नाही. बातमी पसरली, आणि बरोबरीच्यांनीच त्याला नालायक ठरवून टाकले. वू यांना धक्का बसला तो सहानुभूतीच्या अभावाचा, कारण त्या जागी त्यांच्यापैकी कोणीही असू शकला असता. चुकलेल्या डॉक्टरसाठी त्यांनी ‘दुसरा बळी’ हा शब्द वापरला. रुग्णांच्या कुटुंबीयांनी पुढे त्या शब्दावर आक्षेप घेतला. आमचा माणूस गेला आणि बळी डॉक्टर कसा, असे त्यांचे म्हणणे. ते रास्तच आहे. पण खचलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वॉर्डात उभा असतो आणि त्याच्यासमोर नवे रुग्ण असतात, हेही खरे.

भावना नुसती आवरायची गोष्ट नाही, कधी कधी ती स्वतःच माहिती असते. अनुभवी सिस्टर ‘मला या पेशंटचं काही ठीक दिसत नाही’ म्हणते, तेव्हा तिच्याकडे दाखवायला आकडा नसतो. रंग किंचित उतरलेला, उत्तर द्यायला लागलेला एक जास्तीचा क्षण, चादरीशी चाललेला हाताचा चाळा, हे तिच्या नजरेने टिपलेले असते आणि मनात काळजी म्हणून उमटलेले असते. ऑस्ट्रेलियात गेल्या शतकाच्या अखेरीस तातडीच्या मदतपथकांची पद्धत सुरू झाली, तेव्हा पथकाला बोलावण्याच्या निकषांत नाडी आणि श्वासाच्या आकड्यांबरोबर ‘कर्मचाऱ्याला काळजी वाटणे’ हाही निकष आला. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या काळजीची लक्षणे वेगळी काढून तिचे गुणांकनच तयार केले. इंग्लंडमध्ये २०२४ पासून १४३ रुग्णालयांत टप्प्याटप्प्याने लागू झालेला ‘मार्थाचा नियम’ याच वाटेवरचा. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झालेली १३ वर्षांची मार्था मिल्स २०२१ मध्ये जंतुसंसर्गाने गेली. आईवडिलांची काळजी डॉक्टरांपर्यंत पोहोचत होती, पण मोजली जात नव्हती. या नियमानुसार कुटुंबीय आणि कर्मचारी या दोघांनाही दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागता येते.

काळजी पोहोचवायची तर तिला शब्दांचा साचा मिळावा लागतो. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली एक पद्धत त्यासाठी वापरली जाते: आत्ता काय घडते आहे, आधी काय घडले, मला काय वाटते, आणि तुमच्याकडून काय हवे, या क्रमाने बोलायचे. ‘सर, बारा नंबर जरा बरे दिसत नाहीत’ याऐवजी, ‘सर, बारा नंबरचे काका, काल पोटाचं ऑपरेशन झालेले. तासाभरात बीपी १२० वरून ९० वर आलंय, नाडी ११० आहे. आतून रक्त जात असावं असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा.’ यातले तिसरे वाक्य म्हणणे सर्वांत अवघड, कारण तिथे ‘मला वाटतं’ आहे. साचा असला, की ते म्हणणे आगाऊपणा ठरत नाही. ते पद्धतीप्रमाणे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये दिलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासयादीतली एक ओळ अशीच वरकरणी क्षुल्लक आहे. छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. नवी दिल्लीसह आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. सारे श्रेय त्या एका ओळीला देता येणार नाही. पण एकदा स्वतःचा आवाज त्या खोलीत उमटला, की दुसऱ्यांदा तोंड उघडणे सोपे जाते, हे शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला पटेल.

रिस्किन यांच्या गटाने २०१७ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी ३९ पथके होती आणि उद्धटपणा बाळाच्या आईचे काम करणाऱ्या बाईने केला. आपल्याकडच्या डॉक्टरांना हा प्रसंग अधिक ओळखीचा वाटेल. परिणाम तोच झाला. पण ज्यांना आधी संगणकावरचा एक छोटा खेळ देऊन चेहऱ्यांवरचे वैर लगेच न वाचण्याची सवय लावली होती, त्यांच्यावर त्याचा आघात बराच कमी झाला. टोमणे ऐकल्यानंतर मन मोकळे करणारे लेखन करायला लावलेल्यांना त्याचा विशेष फायदा झाला नाही. घाव बसल्यावर लगेच मलम लावून तोच हात कामाला जुंपता येत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

निवांतपणी, ठरावीक वेळी बोलणे ही मात्र वेगळी गोष्ट. बोस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ यांना १९९४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचारांइतकाच आधार आपल्याला सिस्टर आणि डॉक्टरांच्या लहानसहान माणुसकीने दिला, हे त्यांनी वृत्तपत्रात लिहिले. १९९५ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली आणि १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ‘श्वार्ट्झ राउंड’ सुरू झाले. नेहमीच्या राउंडमध्ये रुग्णाच्या आजारावर बोलतात, इथे तो रुग्ण सांभाळताना आपल्याला काय वाटले यावर. सर्जन, परिचारिका, समाजसेवा विभागातली माणसे, सफाई कर्मचारी, सगळे एका खोलीत. दोन-तीन जण आपला अनुभव सांगतात, मग इतर बोलतात किंवा नुसते बसतात. कोणताही ठराव होत नाही, कोणाला सल्ला दिला जात नाही. तासभर चालते. बहुतेक ठिकाणी आधी सगळ्यांना जेवण देतात.